आधी गरम, मग थंड

विजू,

तुझ्यासाठी बर्फाची पेटी मागवायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. विचारायला वेळच नव्हता. अमडापुरातली मे महिन्यातली दुपार, वरचे पत्रे तापलेले, आणि माझी गार्गी जर्मनीहून निघालेली. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आई, आत्याला थांबव." जशी काही तू बॅग घेऊन स्टँडवर निघाली होतीस. तुझ्या भावांनी, म्हणजे यांनी, चिखलीला फोन लावला, टेम्पो आला, आणि वर काच असलेली ती लांब पेटी चौघांनी ओसरीत आणून ठेवली. फ्रिजचा पिन काढून मीच जागा करून दिली. वीज गेली तर काय, म्हणून शेजारच्या घरून इन्व्हर्टरची वायर ओढून आणली ती पण मीच. कामं मला सुचतात, तुला माहीत आहे. काच बसली, यंत्र घरघरायला लागलं, आणि हातातलं काम संपलं तेव्हा कुठे मला कळलं की मी काय केलं. तुला परत बर्फाखाली ठेवलं. या वेळी दोरी नव्हती.

काल तुझी तेरवी झाली. मंडप निघाला, भाड्याची भांडी परत गेली, उरलेला शिधा डब्यांत भरून मी वर चिठ्ठ्या लावल्या. आलेले लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. तुझं शिक्षण, तुझं कॉलेज, गोठलेल्या तळ्यात बुडी मारून तू बारीक बारीक जीव शोधून आणायचीस, ते सगळं. ऐकताना मला वाटत होतं, हे खरं आहे, पण हिच्या हातांबद्दल कुणी का बोलत नाही? तुझे हात कायम गार. लग्न होऊन मी या दारात आले, ओवाळून झालं, आणि माझा हात धरून तू मला आत नेलंस. माझ्या मनात पहिलं तेच आलं, या पोरीचे हात किती गार आहेत. तुझे केसही ओले होते. घरात वहिनी येणार त्या दिवशीसुद्धा तुला विहिरीत उडी मारायची होती.

"पाहुण्यायच्या गर्दीत जीव घाबरला व," तू माझ्या कानात म्हणालीस. "पान्यात कोनी बोलत नाई."

त्या घरात मला ओळखीचं वाटलेलं पहिलं माणूस तू.

मी शेगावची, लॉजवाल्याची मुलगी. माहेरी पहाटेपासून एकच हाक असायची, गरम पाणी. रात्रभर गाडीत अवघडून आलेली माणसं, त्यांना आंघोळ करून दर्शनाच्या रांगेत लागायचं असायचं. कुठल्या खोलीत किती चादरी, किती बादल्या, मला पाढ्यांसारखं पाठ. पाणी विसणायचं काम माझ्याकडे. आईने शिकवलं होतं, बादलीत आधी गरम घ्यायचं, मग त्यात थंड. उलटं करायचं नाही. आधी थंड घेऊन त्यात गरम ओततात ते मयताच्या आंघोळीला. जिवंत माणसाचं पाणी आधी गरम, मग थंड, आणि मग कोपर बुडवून पाहायचं. असं का, हे मी कधी विचारलं नाही. तू विचारलंस.

तुझा फोन आला तेव्हा मी वालाच्या शेंगा निवडत होते.

"वैनी, तुह्याकडे स्वेटर किती हायेत?"

"काऊन व?"

"हिवाळ्यात आमच्यासंगं लडाखले चाल. सामान पाहनारा मानूस नाई म्हनते. मले असं कोनी पाह्यजे जे टायमावर गरम पानी देईन अन् वरतून माही बोलनी बी खाईन."

"बर्फात मी काय करू, बाप्पा?"

"तिथं अमडापुरात काय करतं? तेच."

तुझे भाऊ ओरडले. "हिले इथल्या थंडीत सर्दी होते, अन् तू हिले लडाखले नेतं?" फोन स्पीकरवर होता. तू म्हणालीस, "भाऊ, तू काही दिवस आपलं पानी आपल्या हातानं घे. जगातल्या बाकीच्यायले बी आंघोळ असते." मी हसले आणि शेंगा तिथेच ठेवून माळ्यावरची ट्रंक काढायला गेले.

विजू, इतक्या वर्षांत तुला हे कधी सांगितलं नाही, पण मला बोलावणारं तूच पहिलं माणूस. बाकी सगळ्यांनी मला कुठे ना कुठे ठेवलं होतं.

लडाखला वर गेल्यावर मला काही दिवस श्वासच पुरायचा नाही. तंबूतून वाकून बाहेर यायचं म्हणजे घाटाची चढण वाटायची. पण तुम्हा शिकलेल्या लोकांचं सामान पाहून माझं डोकं ताळ्यावर आलं. ओले मोजे आणि कोरडे मोजे एकाच पोत्यात! मी प्रत्येकाची वेगळी पिशवी केली. घालायचे हातमोजे माझ्या शालीच्या आत, पोटाशी, म्हणजे तुला ते उबदार मिळतील. बर्फावर नुसतं उभं राहायचं नाही, फळीवर राहायचं. बाहेर पडायच्या आधी डिंकाचा लाडू खाल्ल्याशिवाय कुणी जायचं नाही. तुझे मोठे सर दोन दिवस कुरकुरले, मग मुकाट्याने लाडवासाठी रांगेत उभे राहिले.

करवतीने बर्फाला तिकोनी भोक पाडलं तेव्हा मला वाटलं होतं, पाणी दिसेल. दिसला नुसता काळोख. तू काठावर बसलीस, पाय आत सोडून, जशी आपल्या विहिरीच्या पायरीवर बसायचीस. अंगावर तो जाड रबरी सूट, मानेशी आणि मनगटाशी घट्ट पट्ट्या, पाठीवर हवेची टाकी, कमरेच्या पट्ट्याला दोरी. दोरीचं दुसरं टोक नोरबूच्या हातात. नोरबू तिथलाच, बोलायला कमी, हाताला पक्का. त्याने मला खुणा शिकवल्या. खालून एक ओढ आली की ठीक आहे. दोन म्हणजे दोरी अजून खाली सोड. ओढ थांबतच नसेल तर विचार करायचा नाही, ओढून घ्यायचं. मी त्याच्या मागे दोरी धरून उभी राहायचे. खरं तर माझी गरज नव्हती.

"येतो, वैनी," तू म्हणायचीस. आपल्याकडे निघताना कुणी जातो म्हणत नाही. आणि मग भोकात नुसते बुडबुडे.

पहिल्या दिवशी तू वर आलीस तेव्हा मी रडत होते. तुला हसू आवरेना.

"भैताड हायेस का? खाली तं बरं हाये. पानी गोठलं नाई म्हनजे ते या हवेपक्षा गरमच. गारठते कोन, तं वर दोरी धरून उभं राह्यते ते."

मला तेव्हा हे खोटं वाटलं होतं. माझी समजूत घालतेयस, असं.

मग भोगी आली. संक्रांतीचा आदला दिवस. न खाई भोगी तो सदा रोगी म्हणतात, आणि भोगीला तिळाचं तेल अंगाला लावून न्हायचं हे आपल्या घरात कधी चुकलं नाही. न्हाणं तिथे शक्य नव्हतं, पण तेल मी घरून नेलं होतं, सासूबाईंनी दिलेलं. सकाळी स्टोव्हवर कोमट केलं आणि तुझ्या मानेला, खांद्याला, मनगटाला चोळलं. तू डोळे मिटून बसली होतीस. "अजून लाव व," म्हणालीस. "लहान असल्यावानी वाटून राह्यलं." आपल्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की तेलकट कातडीवर ती रबरी पट्टी ठरणार कशी.

तू खाली गेलीस. थोडा वेळ बुडबुडे दिसत होते. मग दोरीला ओढ लागली. एक नाही, दोन नाही, लागतच राहिली. नोरबूने ओढायला सुरुवात केली आणि त्याच्या मागे मी. पाय फळीवरून घसरत होते. तू भोकातून वर आलीस तेव्हा ओठ निळे. मानेची पट्टी सरकली होती आणि त्या तळ्याचं पाणी तुझ्या गळ्यातून आत, पार कमरेपर्यंत गेलं होतं.

तंबूत तुझा सूट मी कात्री न लावता कसा उतरवला, देव जाणे. कोरडी लोकर चढवली, वरून दोन गोधड्या. तुझी बोटं मेणबत्तीसारखी झाली होती, पांढरी, ताठ. नोरबूने घाईघाईने बादलीत तळ्याचं पाणी घेतलं आणि किटलीतलं उकळतं त्यात ओतलं. तुझे हात त्यात बुडवायला तो बादली पुढे करत होता.

मी ती बादली लाथेने उडवली.

सगळं पाणी तंबूच्या दाराशी सांडलं आणि बघता बघता त्याचा बर्फ झाला. नोरबू माझ्याकडे बघतच राहिला. तुझे दात वाजत होते, शब्द नीट फुटत नव्हते, तरी तू म्हणालीस, "वैनी, मी इथं मरून राह्यली, अन् तू पानी सांडून राह्यली?"

"मरून राह्यली म्हनूनच सांडलं," मी म्हणाले.

दुसऱ्या किटलीतलं गरम बादलीत घेतलं, मग थंड, मग कोपर. कोमट झाल्यावर तुझे हात आत धरले. थोड्या वेळाने बोटं लाल व्हायला लागली. गारठलेल्या बोटांत रक्त परत येतं तेव्हा किती दुखतं हे मला तेव्हा कळलं. तू जी शिवी हासडलीस ती इथे लिहिणार नाही, गार्गी वाचेल. नोरबूला मराठी येत नव्हती, तोसुद्धा खो खो हसला. इतकी सुंदर शिवी मी आयुष्यात ऐकली नाही.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं ते कधी संपलंच नाही. कुठलंही लग्न असो, वास्तू असो, तू चारचौघांत सुरू करायचीस. "माह्या वैनीनं मले पह्यले तेलात तळलं, मंग बर्फात टाकलं, अन् मंग मयताच्या रीतीवरून माहं पानी सांडलं." बायका पोट धरून हसायच्या. मग तू माझ्याकडे वळायचीस आणि खऱ्याखुऱ्या मास्तरणीसारखी विचारायचीस, "सांग बरं, गरमात थंड टाकलं काय अन् थंडात गरम टाकलं काय. पानी तं एकच होते ना? पान्याले काय समजते कोन पह्यले पडलं?"

"पान्याले नसन समजत. मले समजते."

"तुले काय समजते?"

मी म्हणायचे, "तू जेव आधी." एकदा तर स्वयंपाकघरात तू दोन तांबे घेतलेस, एकात असं विसणलंस, दुसऱ्यात तसं, माझे डोळे टॉवेलने बांधलेस आणि मला दोन्हींत कोपर बुडवायला लावलं. मी चुकले. तू टाळ्या वाजवल्यास. पण तो दुसरा तांबा तू स्वतः मोरीत ओतून दिलास, कुणी त्याने हात धुवू नये म्हणून. मी बघितलं होतं, विजू.

एक प्रश्न तूही अर्धाच ठेवलास. या संक्रांतीला फोनवर म्हणालीस, "पुढच्या हिवाळ्यात परत चाल." मी म्हणाले, यांचा गुडघा दुखतो, तूर काढायची असते, बघू. तू म्हणालीस, "मले गरम पानी कोनी बी देईन व. ते नाई म्हनत मी." मग दारावर कुणीतरी आलं आणि मी फोन ठेवला. ते नाही, तर काय म्हणत होतीस? मेमध्ये तू सुटीला येशील तेव्हा विचारीन म्हटलं होतं. तू आलीस, आंबे चोखलेस, भावाशी राजकारणावरून भांडलीस, आणि त्या दुपारी पाण्याचा ग्लास हातात घेऊन माजघराच्या उंबऱ्यात खाली बसलीस ती बसलीसच. चिखलीच्या दवाखान्यात ते मेंदूत रक्त उतरलं वगैरे सांगत होते. मी तुझे हात धरले होते. गार होते, पण ते तर नेहमीच असायचे. त्या हातांवरून मला काही कळलं नाही.

निघताना तू "येतो" म्हणाली नाहीस. तेवढं एक राहिलं.

पेटी आली त्या संध्याकाळी मी आपली गोधडी आणली, तुझ्या आईच्या लुगड्यांची, जी आपण लडाखला नेली होती. पेटीवाल्या माणसाला म्हटलं, काच उघडा, ही आत घालू द्या.

तो संकोचला. "ताई, नका टाकू. गोधडी टाकली तं थंडी लागत नाई अंगाले."

"तेच तं," मी म्हणाले.

तो खाली बघायला लागला. तुझे भाऊ मला बाजूला घेऊन गेले, म्हणाले, "गार्गी येईपर्यंत टिकवा लागते ना तिले." हे कधी रडत नाहीत, तेव्हा रडले. मी गोधडीची घडी केली आणि पेटीच्या काचेवर ठेवली. बाहेरून. मग पेटीशेजारी खुर्ची टाकून बसले. काचेवर वाफ धरायची, मी पदराने पुसायचे. दारातून ऊन आत येत होतं, येणारे लोक घामाने निथळत होते, आणि मला हुडहुडी भरली होती. वर उभं राहणारं माणूस गारठतं असं तू म्हणायचीस ना. मी तेव्हा खोटं समजत होते.

गार्गी आली. तिचं काय झालं ते तुला सांगायला नको, अर्धी तुझ्याच अंगाखांद्यावर वाढली. पेटी उघडली. अंगणात लुगड्यांचा आडोसा केला होता, तीन दगडांवर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर पाण्याचं पातेलं ठेवलं होतं. आंघोळ घालायला आम्ही बायका. माझ्या चुलत सासूबाई, आपल्या सोनाकाकू, सगळ्यांत मोठ्या, त्या पाटावर बसल्या. रीतीप्रमाणे त्यांनी बादलीत हौदातलं थंड पाणी घेतलं आणि गरम पाण्याचा गडवा उचलून त्यात ओतला.

मी बादली पालथी केली.

पाणी अंगणभर पसरलं. तापलेल्या मातीने ते लगेच पिऊन टाकलं.

"काय करून राह्यली व?" काकू म्हणाल्या. "मयताचं आधी थंडच असते. कोनी शिकवलं नाई का तुले?"

"शिकवलं हाये, काकू," मी म्हणाले. "पन ते आत्ता बर्फातून निंगाली. बर्फातून निंगाली की तिचं पानी मीच इसनतो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग पाट सरकवून मला जागा करून दिली. गार्गीने बादली सरळ केली. मी पातेल्यातलं गरम घेतलं, मग त्यात थंड, मग कोपर बुडवलं. कोमट. आधी तुझ्या हातांवर घातलं. तुझी बोटं माझ्या दोन्ही तळव्यांत धरली आणि चोळत राहिले. बोटं लाल झाली नाहीत. मी थांबले. गार्गीला ती गोष्ट तुझ्याच तोंडून पाठ होती, मी कशासाठी थांबले ते तिला समजलं. तीही थांबली. तू शिवी दिली नाहीस.

"चाल व माय," काकू हळूच म्हणाल्या. "उशीर होऊन राह्यला."

मी परत कोपर बुडवून पाहिलं. पाणी त्या दिवशी होतं तसंच होतं. तुझं बरोबर होतं, विजू. पाण्याला काही समजत नाही.

मी अजून थोडं गरम घातलं, आणि तुझे हात परत धरले.